छोटं छप्पर

अख्खी दफनभूमी सव्वाचार एमबीत मावली.
दोन हजार तीनशे सोळा माणसं,
बहुतेक पाटीच्या खाणीतली,
फुप्फुसात दगडाची भुकटी घेऊन गेलेली.
माझ्या फोनमधला कालच्या पोह्यांचा फोटो
त्याहून जड.

दोन हिवाळे ती माझ्या लॅपटॉपवर राहिली,
बेथेस्डात, चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत.
एम्रिस प्रिचर्ड चॅपलची वही घेऊन यायचे,
चष्मा पुसून एकेक नाव वाचायचे,
मी टाइप करायची.
कोणाचं शेजारच्या थडग्याशी वाकडं होतं
तेही सांगायचे.
त्याला टेबलात रकाना नव्हता.

मग सर्व्हरवर न्यायचा दिवस.
लंडनच्या अलीकडे, कुठल्याशा गोदामात,
जिथे खिडक्या नसतात आणि पंखे थांबत नाहीत,
महिना चार पाऊंडांनी जागा घेतली होती.
एक्स्पोर्ट केलं. एकच फाइल.
निळी पट्टी सरकत गेली.
बाहेर पाऊस होता; इथे ती बातमी नसते.

उघडून पाहिलं तर
श?न ओवेन.
श?न विल्यम्स, खाणकामगार.
श?न, वय तीन आठवडे.
गावातल्या प्रत्येक शॉनच्या पोटात
प्रश्नचिन्ह.

एम्रिस फोनवर गप्प. मग म्हणाले,
'अक्षरावरच्या त्या खुणेला
आमच्या भाषेत छोटं छप्पर म्हणतात.
ते उडालंय.'

आमच्याकडे तर ओळभर सलग पत्रा असतो,
तरी पहिल्या वर्षी मीही गळले होते
दवाखान्याच्या फॉर्मवर.
ज्ञानदाचं तिथे काय झालं
ते सांगत नाही.

चूक माझीच. बोचकं एका लिपीत बांधलं,
तिकडे भलत्याच लिपीत सोडलं.
सगळ्यांना पुसलं, पुन्हा पाठवलं,
छपरांसकट.

मग फोटो.
मला सगळे दिसत होते: शेवाळलेल्या पाट्या,
कोरलेला नांगर, अर्धं पुसलेलं कबूतर.
एम्रिसना नुसत्या रिकाम्या चौकटी.
'दिसतायत की,' मी.
'नाहीत, बाई,' ते.
पाऊण तास आम्ही दोघं खरं बोलत भांडलो.

फोटोंचा पत्ता अजून लोकलहोस्ट होता.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
जगातलं प्रत्येक यंत्र स्वतःला याच पत्त्यावर हाक मारतं,
जसं जो तो 'मी' म्हणतो.
एम्रिसचा म्हातारा संगणक
माझे फोटो स्वतःच्या खिशात चाचपत होता.

बोलण्यातही माझं असंच होतं.
पडवी म्हणते, भाजणी म्हणते,
आत्याच्या त्या विशिष्ट हसण्याबद्दल रंगून सांगते,
आणि समोरचा सभ्यपणे
रिकामी चौकट बघत मान डोलावतो.

फोटोंना मात्र एक आदेश पुरला.
एकोणीसशे बारा ठिकाणी पत्ता बदलला.

'आणखी एक,' एम्रिस म्हणाले,
'या चाचणी काकू कोण?
जन्म एक जानेवारी सत्तर,
मृत्यूची तारीख नाही. आमच्यात अशा कोणी नव्हत्या.'
त्यांना काय सांगू,
पहिल्या रात्री टेबल चालतंय का बघायला
मीच त्यांना जन्माला घातलं होतं.
सर्व्हरवरून काढून टाकल्या.

फेब्रुवारीत नेस्टा ह्यूज गेल्या,
ऑर्गन वाजवायच्या.
एम्रिसनी सर्व्हरवर ओळ स्वतः भरली,
पहिल्यांदाच मला न विचारता,
नेस्टाबाईंच्या घराच्या नावावरचं छप्पर
बरोबर जागी ठेवून.

लॅपटॉपवरच्या प्रतीला हे काही माहीत नाही.
पुसायची म्हणून उघडते.
सगळ्यात वर चाचणी काकू,
मृत्यूचा रकाना रिकामा.
खाली, बरंच खाली,
एम्रिसनी हसत सांगितलेलं, मी तसंच टाइप केलेलं:
जागा क्रमांक २१४. नेस्टा ह्यूज. राखीव.
शेरा: उन्हाची बाजू हवी. घाई नाही.